प्रकरण चाळीस, शेजारची खोली

१

बोलक्या ग्रंथालयात तिला सगळे पत्ताबाई म्हणत. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली जात. बावीस वर्षांत सहा हजारांवर पुस्तकं साठली होती. ती तळमजल्यावरच्या एका सर्व्हरमध्ये, फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी ठेवलेली होती आणि तिच्या राखणीत होती. कुणी येऊन म्हणालं की अमुक फाइल सापडत नाही, तर ही बाई मान वर न करता विचारणार, "पूर्ण पत्ता?" नाव पडायला एवढं पुरे होतं.

तिचं म्हणणं असं की पत्ते दोनच जातीचे. पहिला पूर्ण पत्ता. मुळापासून निघायचं, वाटेतला एकेक फोल्डर नावानं सांगायचा आणि शेवटी फाइलीचं नाव. हा पत्ता टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कुठूनही टाइप करा, तो तिथेच नेऊन सोडतो. दुसरा पत्ता 'इथून'चा. इथून एक पायरी वर, मग शेजारच्या फोल्डरात. वर जायला दोन टिंबं टाइप केली की झालं. बोटांना आराम पडतो खरा, पण 'इथून' म्हणजे कुठून हे आपल्याला ठाऊक हवं. "समोरून डावीकडे वळा" असं एखाद्याला सांगावं आणि त्याचं तोंडच भलतीकडे असावं, तशी गत होते.

ही अक्कल तिला फुकट मिळालेली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनं दोन टिंबांच्या पत्त्यानं एक रिकामा फोल्डर पुसायला घेतला. आपण भलत्याच ठिकाणी उभ्या आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. एका वाचकाचं आठ महिन्यांचं वाचन गेलं. तो वाचक म्हणजे तिचे वडील. दुसऱ्या दिवशी बाबांनी तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून ग्रंथालयात रीत पडली. काहीही पुसण्याआधी किंवा हलवण्याआधी एकानं विचारायचं, "उभं कुठे?" आणि दुसऱ्यानं यंत्राकडून पूर्ण पत्ता घेऊन तो मोठ्यानं वाचायचा. नवीन आलेले लोक आधी हसायचे. मग एखादी फाइल गमावली की तेही विचारायला लागायचे.

२

ग्रंथालयाची इमारत पाडायची ठरली होती. सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी पाचला कायमचा बंद होणार होता, आणि त्याआधी सगळं वाचन नव्या जागेतल्या यंत्रावर न्यायचं होतं. बुधवारी सकाळपर्यंत पत्ताबाईनं बहुतेक सगळं हलवलं. बाबांचा फोल्डर तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तिच्या आईची नजर चाळिशीत गेली. बाबा तिला वाचून दाखवू लागले, आणि त्याच सवयीनं पुढे त्यांना ग्रंथालयात आणलं. वीस वर्षं त्यांनी तिथे वाचलं. आता त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की आई खुर्चीत बसे आणि बाबांच्या आवाजातलं एक प्रकरण ऐके. एकच. आणखी एक लावू का म्हटलं तर म्हणे, "नको, पुरवून खाते मी." एकेक पुस्तक संपत आता शेवटच्या कादंबरीवर आलं होतं. जाडजूड होती ती, चाळीस प्रकरणांची. मंगळवारी आईनं एकोणचाळिसावं ऐकलं.

चाळिसावं यादीत नव्हतं. पण बाबांनी ते वाचलं होतं, यात पत्ताबाईला शंका नव्हती. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनंच त्यांना स्टुडिओतून घरी नेलं होतं आणि गाडीत ते म्हणाले होते, "संपवलं बघ एकदाचं." दुसऱ्या कुणी वाचलेलं चालेल का, असं तिनं आईला विचारून पाहिलं.

आई म्हणाली, "एवढं ताट एकाच्या हातचं जेवले, शेवटचा घास दुसऱ्याच्या हातचा कशाला?" मग म्हणाली, "नसेल तर राहू दे गं. मी शेवटाशिवाय राहीन."

हे वाक्य पत्ताबाईला फार लागलं. एकदा तिच्या हातून बाबांचं वाचन गेलं होतं. दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही, मग काही होवो, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

३

बुधवारी दुपारी तिनं बाबांचा फोल्डर उघडला. कादंबरीची एकोणचाळीस प्रकरणं ओळीनं होती आणि त्यांच्या खाली एक लिंक होती. लिंक म्हणजे फाइल नव्हे, ती नुसती पाटी. पाटीवर पत्ता लिहिलेला असतो, आणि ती उघडली की यंत्र त्या पत्त्यावर जातं. पाटीचं नाव होतं 'प्रकरण-४०'. तारीख बाबांच्या शेवटच्या वाचनाची. पत्ता मात्र इथूनचा होता: दोन टिंबं, मग 'शेजारची-खोली', मग पुन्हा 'प्रकरण-४०'.

कुणा आळशानं केलंय हे, असं पुटपुटत ती एक पायरी वर गेली आणि तिनं यादी मागवली. एकशे बारा वाचकांचे एकशे बारा फोल्डर होते. 'शेजारची-खोली' नावाचं त्यात काही नव्हतं. म्हणजे लिंक मेलेली. पाटी उरली आणि घर गेलं, असं होतं कधी कधी. तरी समाधानासाठी तिनं ती उघडून पाहिली, आणि ती वाजू लागली.

तिच्या शेजारच्या टेबलाशी कानसेन बसली होती. तिचं काम तपासनिसाचं, प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून चुका काढायच्या. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तानसेन होणं नशिबात नव्हतं म्हणून कानसेन झाले, असं तीच सगळ्यांना सांगायची. पत्ताबाईनं हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

"तुझे बाबा आहेत," कानसेन म्हणाली. मग बराच वेळ तिनं नुसतं ऐकलं. "पण हे काहीतरी विचित्र आहे. माइक एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या. मध्ये भिंत आहे. शब्द कळत नाहीत, नुसते चढउतार कळतायत."

दोघी उठून स्टुडिओत गेल्या. टेबल, माइकचा रिकामा दांडा आणि भिंतींना डकवलेला जाड फोम, एवढंच आता तिथे उरलं होतं. एका भिंतीला काच होती, ती कॉरिडॉरकडची. उरलेल्या तिन्ही भिंतींपलीकडे इमारतीबाहेरची मोकळी जागा. पत्ताबाई इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात जाऊनही आली. सपाट भिंत, एक पाइप आणि त्याला टेकवलेली कुणाची तरी सायकल. शेजारी खोली असायला जागाच नव्हती.

"भिंतीला कान असतात हे ऐकून होते," कानसेन म्हणाली, "तोंडही असतं हे आज कळलं." पण हे बोलताना ती हसली नाही.

४

पत्ताबाईनं पूर्ण पत्ता जुळवला आणि टाइप केला. अशी फाइल नाही, असं उत्तर आलं. तिनं एकेक अक्षर तपासून पुन्हा केला, तेच उत्तर. सगळी डिस्क नाव घेऊन धुंडाळली तर बाबांच्या फोल्डरातल्या त्या पाटीखेरीज काही सापडलं नाही. डिस्क बिघडली असेल म्हणून तपासणी चालवली, तीही स्वच्छ निघाली. लपवलेले फोल्डर पाहिले, जुन्या प्रती पाहिल्या. मग बाबांच्या फोल्डरात उभी राहून तिनं दोन टिंबांचा तो आळशी पत्ता टाइप केला, आणि सरळ आत पोचली. आत प्रकरण चाळीस होतं. लावलं की वाजायचं, एक्केचाळीस मिनिटं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती खमकी बाई. तिनं मग दुसऱ्याच एका वाचकाच्या फोल्डरात जाऊन तोच पत्ता टाइप केला. तिथूनही ती शेजारच्या खोलीत पोचली. प्रिंटरच्या फोल्डरातून केला, तिथूनही पोचली. जिथे उभं राहावं तिथून एक पायरी वर आणि शेजारी, हे ठिकाण होतंच. पूर्ण पत्ता मात्र त्याला कुठलाच नव्हता. तिनं कारणं शोधली: यंत्राच्या स्मृतीत जुनं काही अडकलं असेल, कुणी वेडीवाकडी जोडणी केली असेल. कारणं चांगली होती. कानसेननं ती सगळी मान हलवत ऐकून घेतली.

मग कानसेनच्याच लक्षात आलं की आवाज दरवेळी सारखा नाही. बाबांच्या फोल्डरात 'कच्चं' नावाचा एक आतला फोल्डर होता. तिथे उभं राहून ऐकलं की भिंत जरा पातळ वाटायची. जेवढं खोल जावं तेवढं बाबांच्या जवळ.

इथे दुसरी कुणी असती तर थांबली असती. पत्ताबाईनं 'कच्चं'मध्ये 'एक' नावाचा फोल्डर केला आणि त्यात उतरली. त्यात 'दोन', त्यात 'तीन'. दर पायरीला ती दोन टिंबं टाइप करून शेजारी डोकवायची आणि कानसेन ऐकून सांगायची. चौथ्या पायरीला सुटे शब्द आले: पूल, कंदील, "थांबा". सहाव्या पायरीला वाक्यं येऊ लागली. 'पाच' हा फोल्डर पत्ताबाईनं अर्ध्या मिनिटापूर्वी स्वतः केला होता. त्यात 'सहा'शिवाय काही असूच शकत नव्हतं. तरी 'सहा'च्या शेजारी खोली होती आणि खोलीत बाबा वाचत होते.

'आठ'मध्ये उतरल्यावर कानसेननं रीतीप्रमाणे विचारलं, "उभं कुठे?" पत्ताबाईनं `pwd` ही आपण कुठे उभ्या आहोत ते विचारणारी कमांड टाइप केली. पडद्यावर पत्ता आला, 'आठ'शी संपणारा. हाच पडदा कानसेनच्या यंत्रावरही उघडा होता आणि त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता. त्यानं तोच पत्ता आपल्या कोरड्या आवाजात वाचला: "...पाच, सहा, सात, आठ, नऊ."

'नऊ' नावाचा फोल्डर कुणी केलेला नव्हता.

हेडफोनमधलं वाचन वाक्याच्या मध्यावर थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. कानसेननं हेडफोन काढले आणि त्यांची तार नीट गुंडाळून टेबलावर ठेवले. मी हे तपासणार नाही, असं ती म्हणाली. काय झालं, असं पत्ताबाईनं विचारलं.

"वीस वर्षं त्यांचं वाचन ऐकलंय मी. श्वास घ्यायला थांबतात ते मला माहीत आहे, पान उलटायला थांबतात तेही माहीत आहे. आत्ता ते तसे थांबले नाहीत. आत्ता ते आपल्याला ऐकत होते."

५

गुरुवारी कानसेननं तिला समजावलं, की आईला सरळ सांग, सापडलं नाही. आईनं तर आधीच सोडून दिलंय. पत्ताबाईनं शांतपणे ऐकून घेतलं, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. भीती तिलाही वाटत होती. आदल्या रात्री जेवताना दोनदा तिला वाटलं की पलीकडे कुणी बोलतंय, आणि तो शेजाऱ्यांचा रेडिओ निघाला. पण आईचं ते "राहीन" तिच्या मनातून जात नव्हतं. भीतीपेक्षा ते जड होतं.

शुक्रवारी दुपारी बाकीचे लोक खोक्यांबरोबर नव्या जागी गेले. कानसेन जाताना दारात घुटमळली, पत्ताबाईच्या खांद्यावर थोपटून गेली. पत्ताबाईनं बाबांची एकोणचाळीस प्रकरणं नव्या यंत्रावर पाठवली. मग आपला लॅपटॉप सर्व्हरला जोडला आणि ती पुन्हा 'आठ'मध्ये उतरली. सवयीनं मोठ्यानं म्हणाली, "उभं कुठे?" विचारायला आणि सांगायला दोन्हीकडे तीच होती. पडद्यावर 'आठ'च होतं. तिनं शेजारच्या खोलीतलं प्रकरण चाळीस आपल्या लॅपटॉपवर कॉपी केलं, रोज करायची त्याच कमांडनं.

पापणी लवायच्या आत काम झालं. एक्केचाळीस मिनिटांचं वाचन इतक्या झटकन येत नाही, हे तिला एरवी खटकलं असतं. पण पाच वाजत आले होते आणि वीज तोडायला आलेला वायरमन दारात उभा होता. तिनं लॅपटॉपवर नाव आलंय एवढं पाहिलं आणि त्याला खूण केली.

त्यानं खटका पाडला. बावीस वर्षं अखंड फिरणारे सर्व्हरचे पंखे मंदावत मंदावत थांबले. ती शांतता ऐकून तिला रडू आलं, म्हणून ती खाली वाकून तारा गोळा करायला लागली.

"आत अजून कुणी आहे का, बाई?" वायरमननं विचारलं. तो स्टुडिओकडे मान करून उभा होता. "मला कुलूप घालायचंय. कुणीतरी वाचतंय तिकडे."

कुणी नाही, असं ती म्हणाली. लॅपटॉप छातीशी धरून ती बाहेर पडली ती रस्ता ओलांडेपर्यंत थांबली नाही.

६

शनिवारी दुपारी जेवणं झाली. घर चौथ्या मजल्यावर, शेवटचं. पुढच्या खोलीत आईची खुर्ची होती. तिथून आत गेलं की बाबांची खोली, आणि त्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागून काही नाही. खाली चार मजल्यांवर रस्ता.

आई खुर्चीत येऊन बसली. तिनं शाल गुडघ्यांवर नीट केली आणि काही न विचारता वाट पाहू लागली. पत्ताबाईनं लॅपटॉप उघडला आणि कालच्या फाइलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ती फाइल नव्हतीच. ती पाटी होती. तिच्या नेहमीच्या कमांडनं पाटी दिसली की पाटीच उचलून आणायची. आतला माल हवा असेल तर एक अक्षर जास्त घालावं लागतं. ते तिनं घातलं नव्हतं. म्हणजे शेजारच्या खोलीतही बाबांचं वाचन नव्हतं. तिथेही तीच पाटी होती, त्याच शब्दांची: एक पायरी वर, शेजारची खोली, प्रकरण चाळीस.

बावीस वर्षं लोकांना पत्ते शिकवले आणि आयत्या वेळी हे केलं. सर्व्हर आता लोखंड म्हणून विकायला गेला होता. तिला स्वतःची इतकी चीड आली की क्षणभर डोळ्यांपुढे काही दिसेना. आता आईला सांगणं आलं. पण त्याआधी, सांगताना आवाज कापू नये म्हणून थोडा वेळ मिळावा, एवढ्यासाठी तिनं ती पाटी उघडली. या लॅपटॉपवर तो पत्ता कुठेच जात नव्हता. यंत्र 'सापडलं नाही' म्हणेल, आणि मग तीही तेच म्हणेल, असा तिचा विचार होता.

यंत्र तसं म्हणालं नाही. वाजवण्याची पट्टी पुढे सरकू लागली. स्पीकरमधून मात्र काहीच येईना. तिनं आवाज वाढवला, पूर्ण वाढवला.

"कशाला खटखट करतेस?" आई हलक्या आवाजात म्हणाली. "नीट ऐकू येतंय मला."

आईचं तोंड लॅपटॉपकडे नव्हतं. ते बाबांच्या खोलीच्या बंद दाराकडे होतं. मग पत्ताबाईलाही ऐकू आलं. दाराआड, जरा दबलेला, पण शब्द न् शब्द कळेल असा बाबांचा आवाज कादंबरीतल्या पुलावरच्या बाईची गोष्ट सांगत होता.

उठून दार उघडावं, आईला घेऊन जिना उतरावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण आईचा चेहरा दीड वर्षात असा झाला नव्हता. ओठ थोडे उघडे होते आणि बोटं शालीच्या काठावर सावकाश फिरत होती. पत्ताबाईनं दोन्ही मुठी मांडीवर दाबून धरल्या आणि ठरवलं, की आईला शेवट मिळू दे. एक्केचाळीस मिनिटं. त्यानंतर एक क्षणही नाही. पाटी पुसायची कमांड टाइप करून तिनं बोट एंटरवर ठेवलं आणि ती पट्टीकडे बघत बसली.

गोष्ट संपली. दाराआड पुस्तक मिटल्याचा आवाज आला. त्याच क्षणी पत्ताबाईनं एंटर दाबलं आणि पाटी पुसली.

आणि पुसता पुसताच तिला कळलं की आपण काही केलेलं नाही. पाटी पुसली की पाटीच जाते. ती ज्याच्याकडे नेत होती ते असतं तिथेच राहतं. दाराआड कुणीतरी खुर्ची मागे सरकवली आणि घसा साफ केला.

७

"छान केला शेवट," आई म्हणाली आणि खुर्चीचे हात धरून उठली. "आता पुढचं कोणतं घेताय, ते विचारून येते."

"आई, बाबा नाहीत."

"माहीत आहे मला. डोळे गेलेत माझे, डोकं नाही गेलं."

आणि ती चालायला लागली. या घरात तिला कधी काठी लागली नव्हती. पत्ताबाई तिच्या आधी दारापाशी पोचली. नुसतं अडवून आई ऐकणार नाही, हे ती जाणून होती. जिद्द तिला आईकडूनच आली होती. एकच उपाय होता, काही नाही हे दाखवणं. तिनं दार सताड उघडलं. खाट, कपाट, बंद खिडकी, खिडकीतून खाटेवर पडलेलं दुपारचं ऊन. खुर्ची भिंतीशी, कित्येक महिन्यांची धूळ बसलेली.

इथे कुणीही नाही, असं तिनं आईला सांगितलं. ती खोलीभर फिरली, आईला ऐकू जावं म्हणून तिनं खाटेवर, कपाटावर, खुर्चीवर हात आपटले.

"इथे नाहीतच ते," आई म्हणाली. "शेजारी आहेत."

पलीकडच्या भिंतीमागे कुणीतरी खोकललं. त्या भिंतीमागे चार मजल्यांची हवा होती.

आई सरळ त्या भिंतीपाशी गेली आणि तिनं तळवा टेकवला. काळोखात दार चाचपावं तसा तो तिनं बाजूला सरकवत नेला. कमरेच्या उंचीवर तो थांबला. बोटं वळली आणि कशावर तरी मिटली. तिथे काही नव्हतं. पत्ताबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिला भिंतीचा रंगसुद्धा नीट दिसत होता. तरी बोटं मिटली आणि मनगट फिरलं, कडी फिरवताना फिरतं तसं.

खिडकी बंद होती, पण आईच्या कपाळावरचे केस उडाले. आई एक पाऊल पुढे सरली. भिंतीला चीर नव्हती, भोक नव्हतं, आणि आईचा उजवा हात कोपरापासून पुढे दिसत नव्हता.

पत्ताबाईनं झेप घेऊन आईचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. पाय खाटेच्या पायाला रोवला आणि सगळं बळ लावून ओढलं. हा हात सोडायचा नाही, यात आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रात्र झाली तरी चालेल, खांदे निखळले तरी चालेल, आपण इथून हलायचं नाही. पण आई तसूभरही मागे आली नाही. पुढेही गेली नाही. तेव्हा पत्ताबाईला जाणवलं की पलीकडूनही ओढ आहे. हिसका नव्हता त्यात, जोर नव्हता. ती ओढेल तेवढंच तिकडून ओढलं जात होतं, आणि ती दमून जरा सैल झाली की तिकडेही सैल होत होतं.

आई मध्ये उभी होती. तिनं आधी एका बाजूला मान वळवली, मग दुसऱ्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडा त्रास होता.

"दोघंही जरा हळू धरा," ती म्हणाली. "दुखतंय मला."